शंभर दाणे घेऊन नागपूरला

(डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

जेवणं आटोपली असतील तर बसून ऐका, नसतील तर चुलीजवळ रेडिओ घ्या आणि भाकरी थापता थापता ऐका. आम्ही मंगरुळपीर तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बाया बोलत आहोत. आवाज एकीचाच आहे, कारण गटांची समन्वयक म्हणून बोलायचं काम तिच्याकडे आलं. पण जे सांगणार आहोत ते आम्ही सगळ्यांनी दोन-तीन बैठका घेऊन ठरवलेलं आहे. चुकलं तर सगळ्यांचं चुकलं.

बातमी अशी की आमच्यातल्या तिघी जणी नागपूरला चालल्या आहेत. लग्नाला नाही आणि दवाखान्यातही नाही. ३ ते ७ जानेवारी २०२३ ला नागपुरात भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन भरतं आहे, तिथे. आम्ही मधले दोन दिवस जाणार. काँग्रेस म्हटल्यावर गावात आधी सगळ्यांना वाटलं की निवडणुकीचं काही आहे. सरपंचांनीही विचारलं, "कोणाची सभा आहे?" तर ही सभा शास्त्रज्ञांची. देशभरातून संशोधक येतात, आपापलं काम मांडतात, एकमेकांना प्रश्न विचारतात. शेतीपासून माणसाच्या शरीरापर्यंत विषयांचे चौदा विभाग असतात.

हे अधिवेशन पहिल्यांदा १९१४ साली कलकत्त्यात भरलं. सर आशुतोष मुखर्जी अध्यक्ष होते, १०५ शास्त्रज्ञ जमले होते आणि ३५ निबंध वाचले गेले. म्हणजे आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सभेला जेवढ्या बाया येतात, त्याहून कमी माणसं! आता हजारोंनी येतात. नागपूरला ते आधीही झालं आहे. १९२० साली आचार्य प्रफुल्लचंद्र राय अध्यक्ष होते तेव्हा, आणि शेवटचं १९७४ साली. त्यानंतर आत्ता. करोनामुळे २०२० नंतर मध्ये दोन वर्षं भरलंच नव्हतं. यंदा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ शंभराव्या वर्षात आहे आणि यजमानही तेच आहे.

आता तुम्ही विचाराल, यात आपलं काय काम? आमच्याही बैठकीत हाच प्रश्न निघाला. एक काकू म्हणाल्या, "तिथं शिकलेले लोक इंग्रजीत बोलतील आन् आपण काय मान हालवाले जायचं का?" बरोबर बोलल्या. पण यंदाचा विषयच असा ठेवला आहे: महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान. सक्षमीकरण हा शब्द आपण गटात इतक्या वेळा ऐकला आहे की तो निघाला की पुढे चहा येतो एवढंच आपल्याला माहीत. मग आम्ही म्हटलं, आपलं नाव घेऊन एवढी मोठी सभा भरते आहे आणि तीही शेजारच्या नागपुरात, तर आपण तिथे असायला पाहिजे. महिलांची वेगळी विज्ञान काँग्रेस या अधिवेशनात २०१२ पासून होते. यंदाच्या अध्यक्षही एक बाई आहेत, डॉ. विजयलक्ष्मी सक्सेना. बाईला अध्यक्ष व्हायला १९७५ साल उजाडावं लागलं होतं, तेव्हा असीमा चटर्जी पहिल्यांदा झाल्या. १९१४ ते १९७५. हिशेब तुम्हीच करा.

पण मैत्रिणींनो, जायचं ठरवणं सोपं होतं. कसं जायचं, यावर आमची खरी भांडणं झाली. कारण आम्ही एकदा तोंडघशी पडलो आहोत.

करोनाच्या आधीची गोष्ट. एका मोठ्या शहरात मोठं प्रदर्शन होतं आणि आम्ही गटाच्या पैशातून अकरा जणी गेलो होतो. दिवसभर फिरलो. प्रत्येक स्टॉलवरून पिशवी घेतली, कागद घेतले, टोपी घेतली. रात्री दोनला गावात आलो. दुसऱ्या दिवशी ज्या बाया घरी राहिल्या होत्या, ज्यांच्या बचतीतून आमचं भाडं गेलं होतं, त्यांनी विचारलं, "तुमी काय पायलं तिकडं?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. शेवटी एक जण म्हणाली, "लय मोठं होतं." झालं. अकरा जणींचा तेवढाच अहवाल. एक आजी तेव्हा म्हणाल्या होत्या की लय मोठं तर पोहरादेवीची यात्रापण असते, त्याच्यासाठी गटाचे पैसे कशाले पायजे?

त्याच दिवशी आणखी एक झालं. आमच्यातल्या एका वहिनींनी एका स्टॉलवर शेवयाचं यंत्र बघितलं. विकणारा गोड बोलत होता आणि यंत्रातून शेवया सरसर पडत होत्या. वहिनींनी गटाच्या अंतर्गत कर्जातून आगाऊ रक्कम दिली, पुढे बाकीचीही भरली. यंत्र आलं आणि लक्षात आलं की त्याची मोटर थ्री फेजवर चालणारी. आपल्या घरात सिंगल फेज. विकणाऱ्याचा फोन लागेना. मग लॉकडाऊन लागला. दोन वर्षं ते यंत्र ओसरीत गोधडीखाली पडून होतं आणि वहिनी शेतमजुरीतून हप्ते फेडत होत्या. मोटर बदलून आता ते चालू झालं आहे. पण गावात त्यांना अजून 'मशीनवाल्या वहिनी' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात काय असतं ते तुम्हाला कळेल. आम्ही गटातल्या बायाही त्यात होतो. सही आम्ही सगळ्यांनी केली होती, नाव मात्र एकटीला पडलं.

म्हणून यावेळी ठरवलं की हात हलवत जायचं नाही आणि पिशव्या भरून यायचं नाही. जाताना एक प्रश्न न्यायचा आणि येताना त्याचं उत्तर आणायचं. उत्तर नाहीच मिळालं तर कोणाकोणाला विचारलं ते तरी सांगायचं.

प्रश्न कोणता? पहिल्या बैठकीत सतरा निघाले. तुरीवरचा मर. रोही आणि रानडुकरं. चुलीचा धूर. मुलींनी वापरलेल्या पॅडचं काय करायचं. गुडघे. एकीने विचारलं की नवऱ्याची दारू सोडवायचं यंत्र निघालं आहे का, त्यावर खूप हसलो आणि मग कोणी हसेना. सगळे प्रश्न खरेच होते. पण सतरा प्रश्न घेऊन गेलो तर एकाचंही उत्तर येणार नाही, म्हणून ज्यात आपण स्वतः काही करून बघितलं आहे असा प्रश्न निवडायचं ठरलं. तसा एकच होता, सोयाबीनचं बियाणं.

तुम्हाला माहीत आहे, २०२० च्या खरिपात आपल्याकडे किती जणांचं सोयाबीन उगवलं नाही. दुबार पेरणी, पुन्हा बॅग, पुन्हा उधारी. तेव्हापासून सगळे सांगतात की घरचं बियाणं ठेवा. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं. प्रमाणित बियाणं एकदा घेतलं की पुढची दोन वर्षं त्याचंच राखून पेरता येतं. पण पेरण्याआधी उगवण तपासा. तपासायची रीतही सोपी आहे. शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलोचं नेहमीचं प्रमाण पुरतं. कमी उगवले तर बियाणं वाढवावं लागतं, फारच कमी असतील तर ते पेरायचंच नाही.

यंदा सोंगणीच्या वेळी ऑक्टोबरात पाऊस झाला. सुड्या भिजल्या. म्हणून आम्ही नागपूरच्या निमित्ताने याच महिन्यात पाच घरची बियाणी तपासली. बारदाने ओसरीत ठेवले. सातव्या दिवशी उघडले तर शंभरात ५८, ४१, ६३, ३७ आणि ६०. पाचही नापास! त्या संध्याकाळी आमच्यात सुतक पडल्यासारखं झालं. बाजारात तीस किलोची बॅग घ्यायची म्हणजे तीन हजारांच्या वर पैसे. एका ताईंनी तर दुसऱ्या दिवशी राखलेल्यातले दोन कट्टे व्यापाऱ्याला देऊन टाकले. बियाणं नाही तर नाही, निदान दाण्याचा तरी भाव येऊ दे.

आमच्या गटातल्या सगळ्यात थोर आजी तेव्हा काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांनी आमच्यापैकी दोघींना घरी बोलावलं आणि चुलीमागचा बारदाना उघडून दाखवला. त्यांच्याच कणगीतले शंभर दाणे. ८८ उगवलेले. ओसरीत त्याच दाण्यांचे ६३ झाले होते. आजी म्हणाल्या, "बाई, थंडीत मले उठू वाटत नाही, त दाण्याले काहून वाटन?"

खरंच होतं. डिसेंबरची रात्र आणि ओला बारदाना उघड्या ओसरीत. कृषी सहायक ताईंना फोन केला, त्याही म्हणाल्या की सोयाबीनला उगवायला ऊब लागते, थंडीत ते मंदावतं. आम्ही पाचही बियाणी पुन्हा तपासली, यावेळी चुलीमागे ठेवून. आकडे आले ८४, ७२, ८८, ४९ आणि ८१. म्हणजे चार पास, एक नापास. ज्या घरची सुडी दोन दिवस पावसात होती तेच एक नापास. ज्या ताईंनी दोन कट्टे विकले, त्यांचं बियाणं ८४ वालं निघालं.

त्यांना हे कसं सांगायचं, हे आम्हाला दोन दिवस सुचलं नाही. सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की पहिल्याच दिवशी दोन्हीकडे ठेवून पाहिलं असतं तर? त्यांचं हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

आता आजींचे ८८ कशामुळे, हे विचाराल तर आम्हाला सांगता येत नाही. त्या शेणामातीनं लिंपलेल्या कणगीत बियाणं ठेवतात म्हणून असेल, की ढग दिसताच रात्री उठून सुडीवर ताडपत्री टाकतात म्हणून, की मळणीला थ्रेशर हळू चालवायला लावतात म्हणून. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं, जोरात आपटलं की आतला कोंब दुखावतो. आमच्यातल्या काही जणींनी लगेच ठरवून टाकलं की कणगीच चांगली. आजींनीच थांबवलं. म्हणाल्या, एकाच घरच्या दाण्यावरून काय ठरवतं?

तर आमचा प्रश्न असा झाला. डिसेंबरात शंभरात चौऱ्याऐंशी उगवणारं सोयाबीन जूनपर्यंत किती उरतं? आमची घरं पत्र्याची आहेत, मे महिन्यात आत बसवत नाही. त्या घरात बियाणं कट्ट्यात, डब्यात की कणगीत ठेवलं तर कमी मरतं? हे कोणी आमच्यासारख्या घरात ठेवून पाहिलं आहे का? गोदामात नाही, घरात.

निवडून वेगळं ठेवणं, वाळवणं, उंदरापासून राखणं हे सगळं घरात बाई करते. बियाण्याच्या प्रशिक्षणाची चिठ्ठी मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला येते. हे नागपूरला बोलायचं की नाही यावर मतभेद झाले. आम्ही ठरवलं की आधी प्रश्न विचारायचा, वेळ उरला तर हे.

मग तालीम. हो, तालीम केली! समाजमंदिरात एक प्लास्टिकची खुर्ची मांडली, दहावीतल्या एका पोरीला चष्मा लावून शास्त्रज्ञ बनवलं. तिनं विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक भराभर वाचलं आणि मग म्हणाली, "एनी क्वेश्चन?" सगळ्या गप्प. तिनं पुन्हा विचारलं. आजींनी हात वर केला आणि नमस्कार, मी अमुक गावची, आमचं शेत कोरडवाहू, मालक वारले तेव्हा मोठा पोरगा चौथीत होता, असं सुरू केलं. चार मिनिटं झाली, प्रश्न अजून आलाच नव्हता. पोरगी खुर्चीवर हसून लोटपोट. दुसऱ्या खेपेला दोन मिनिटं लागली. पाचव्या खेपेला अर्ध्या मिनिटात बसलं: आम्ही कुठल्या, काय करून पाहिलं, आकडा किती आला, काय विचारायचं आहे. एवढंच. मालकांची गोष्ट चहाच्या वेळेला सांगू.

भाषेची भीती उरलीच होती. आमच्यातली एक बी.ए. आहे, म्हणजे हा बोलणारा आवाज, आणि गाव धरून चालतं की तिला इंग्रजी येतं. तिला किती येतं ते तिलाच माहीत. तेव्हा ठरलं की प्रश्न मराठीतच विचारायचा, गरज पडली तर हिंदीत. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेत न जाता त्यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि त्या कुठेही गेल्या तरी आपल्याच बोलीत बोलतात. आणि आपल्या विदर्भातले दादाजी खोब्रागडे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या तोडून जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा पेरल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. तेव्हा लोक एचएमटीची घड्याळं घालायचे, त्यावरून नाव पडलं. दादाजी आता नाहीत, २०१८ साली गेले. आम्ही त्यांच्या पायाच्या धुळीएवढ्याही नाही. पण वेगळं दिसलं ते वेगळं ठेवायचं आणि पुन्हा पेरून पाहायचं, हे तर आजींनी चुलीमागे केलंच की.

कमला सोहोनींची गोष्टही तालमीच्या दिवशी वाचून दाखवली. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या, तरी १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग वर्षभर पाहू, काम पटलं तर ठेवू, अशा अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजला जाऊन डॉक्टरेट मिळवली. आणि अभ्यास कशाचा केला होता? दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. एक सूनबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या वरणाचाच!"

आता कोण जाणार. आजी ठरल्या होत्या, लिहून घ्यायला बी.ए. ठरली होती. तिसरी कोण, यावर आमच्यातल्या एकीनं मशीनवाल्या वहिनींचं नाव घेतलं. सभेत शांतता झाली. वहिनी म्हणाल्या, "मी नाही येत वं माय. एकदा गेली त गटाचे पैसे अडकले." तेव्हा ज्यांनी दोन कट्टे विकले त्या ताई उठल्या आणि म्हणाल्या की फसलेल्या बाईलाच माहीत असतं काय विचारायचं, दुसरी गेली तर पुन्हा पिशव्याच आणील. वहिनी रडल्या. मग हो म्हणाल्या. आमच्यातल्या काही जणींना तेव्हा मान वर करता आली नाही, तेही सांगून टाकतो.

वहिनींकडे प्रदर्शनाचं काम आहे. त्यांनी यादी स्वतः केली, लिहून नातवानं दिली. कोणतंही यंत्र दिसलं की विचारायचं: सिंगल फेजवर चालतं का? लाइट गेल्यावर काय? बिघडलं तर दुरुस्त करणारा वाशीमला, निदान अकोल्याला आहे का? असं यंत्र घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या बाईचा फोन नंबर द्याल का, आम्ही तिच्याशी बोलतो. आणि शेवटचं, तिथल्या तिथे एक रुपयाही द्यायचा नाही. पर्सच नेणार नाहीत म्हणतात, बसभाड्याचे पैसे आजींच्या बटव्यात.

एक सावधगिरी आमच्या शिक्षक दिरांनी सांगितली आणि ती पटली. मोठ्या स्टेजवरून बोललं म्हणून ते खरंच असतं असं नाही. याच काँग्रेसच्या २०१५ सालच्या मुंबईच्या अधिवेशनात प्राचीन काळातल्या विमानांवर निबंध वाचला गेला होता, त्याला शास्त्रज्ञांनीच हरकत घेतली. म्हणजे आतले लोकही एकमेकांना अडवतात, आणि ते चांगलंच आहे. आम्ही वहीत प्रत्येक पानावर एक रकाना आखला आहे: 'कशावरून?' बोलणाऱ्यानं काही सांगितलं तर किती ठिकाणी, किती वर्षं करून पाहिलं ते तिथे लिहायचं. सांगितलं नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकानाही तुम्हाला वाचून दाखवू.

वहीची बाकीची शिस्त अशी. जो शब्द समजला नाही तो ऐकला तसा लिहायचा, समजल्याचं नाटक करायचं नाही, परत आल्यावर करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारायचा. आकडा आला की त्याच्यापुढे काय ते लिहायचं, किलो, रुपये की एकर. मागच्या प्रदर्शनाच्या वहीत नुसतं 'चाळीस' असं लिहिलेलं पान आहे, ते चाळीस कशाचे हे आजवर कळलं नाही. मोबाइलवर आवाज भरून घ्यायचा तर आधी विचारायचं. फोटो कमी. आपला स्टॉलसमोरचा फोटो तर एकच, आजींचा, कारण त्यांच्या लेकीला पाठवायचा आहे.

आणि रोज संध्याकाळी सात वाजता, मुक्कामाला पोचलो की, आम्ही रेडिओवर फोन लावणार. पाच मिनिटं. त्या दिवशी काय पाहिलं, कोणाला विचारलं, काय उत्तर आलं, काय समजलं नाही. तो फोन भरून घेतील आणि साडेआठला तुम्हाला ऐकवतील. परत आल्यावर सांगू म्हटलं की अर्धं विसरतं आणि उरलेल्याला मीठ-मसाला लागतो. त्याच दिवशी सांगायचं तर दिवसभर कान उघडे ठेवावे लागतील. 'लय मोठं होतं' हे वाक्य म्हणायला बंदी आहे. म्हटलं तर अकरा रुपये दंड, गटाच्या पेटीत.

प्रवासाचं ठरलं आहे. या महिन्यात समृद्धी महामार्ग सुरू झाला, शेलूबाजारजवळून जातो, जीप करून जा असं घरच्या माणसांचं म्हणणं. पण जीपचं भाडं तिघींना परवडत नाही. तेव्हा नेहमीची एसटी, कारंजा, अमरावती आणि तिथून नागपूर. विद्यापीठाचा परिसर अमरावती रोडवरच आहे. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी आता फुकट आहे म्हणून आजी खुशीत होत्या. आधार काढलं तर जन्मतारीख १ जानेवारी १९५१. आजी म्हणाल्या, माह्या मोठ्या लेकीचं वय पाहा आन् हे पाहा! पण आधारापुढे कोणाचं चालतं? अर्धं तिकीट. मुक्काम नागपुरातल्या एका भाचीच्या खोलीवर आहे.

घरचं म्हणाल तर वहिनींच्या दोन शेळ्या शेजारची ताई बघणार, आणि आजींच्या घरी भाकरी पाळीपाळीनं जाणार. समन्वयक बाईच्या घरी सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं की पोरांचं मी बघते, तू त्या बियाण्याचं विचारून ये, यंदा आपलंही राखायचं आहे.

तुमच्या मनात बियाण्याबद्दल काही असेल, तुम्ही वेगळ्या पद्धतीनं राखत असाल, तर १ जानेवारीच्या आत आपल्या सीआरपी ताईंकडे निरोप द्या किंवा रेडिओवर फोन करा. घरी उगवण तपासणार असाल तर बारदाना ऊबेत ठेवा, आणि मे महिन्याच्या शेवटी पुन्हा एकदा तपासा. आत्ता विकून टाकू नका.

सामान बांधून झालं आहे. दशम्या, ठेचा, दोन वह्या, आकडे लिहिलेला पुठ्ठा. आजींनी आपल्या कणगीतले शंभर दाणे मोजून फडक्यात बांधले आहेत, कोणी शास्त्रज्ञ म्हणाले दाखवा तर दाखवायला. काल आम्ही मोजले तर एकशे तीन निघाले. विचारलं तर म्हणाल्या, तीन वाटेत सांडायले.